कमरेला दिसणारे पिस्तूल आणि पाहणाऱ्याची शंका : अमेरिकेतील ‘ओपन कॅरी’चा वाद

२०१० च्या उन्हाळ्यात ओहायो राज्यातील टोलेडो शहरात एक गृहस्थ पत्नी, मुलगी, नातू आणि कुत्रा यांना घेऊन संध्याकाळी फिरायला निघाले होते. त्यांच्या कमरेला, येणाऱ्या-जाणाऱ्याला सहज दिसेल अशा रीतीने, होल्स्टरमध्ये, म्हणजे पट्ट्याला अडकवलेल्या म्यानात, पिस्तूल लावलेले होते. मोटारसायकलवरून जाणाऱ्या एका माणसाने थांबून, असे पिस्तूल लावून रस्त्याने हिंडता येत नाही, असे त्यांना सुनावले. थोडी बाचाबाची झाली आणि त्या माणसाने ९११ या क्रमांकावर फोन करून पोलिसांना कळवले. आलेल्या अधिकाऱ्याने गृहस्थांचे पिस्तूल काढून घेतले, त्यांना बेड्या घातल्या आणि सुमारे अर्धा तास गाडीत बसवून ठेवले. त्यांच्यावर ठेवलेला किरकोळ आरोप पुढे मागे घेण्यात आला, कारण ओहायोच्या कायद्यानुसार पिस्तूल उघडपणे बाळगणे हा गुन्हाच नव्हता.

गृहस्थांनी पोलिसांवर दावा लावला. २०१५ मध्ये संघीय अपील न्यायालयाने तो दावा पुढे चालवण्यास परवानगी दिली. राज्याच्या विधिमंडळाने नागरिकांना रस्त्यावर शस्त्र बाळगू द्यायचे ठरवले असेल, तर केवळ शस्त्र दिसले म्हणून पोलिसांना नागरिकाला ताब्यात घेता येणार नाही, आणि ज्यांना हे पसंत नसेल त्यांनी विधिमंडळाकडे जावे, असा त्या निकालाचा आशय होता.

या घटनेत गोळी सुटली नाही आणि कोणी जखमी झाले नाही. पिस्तूल केवळ दिसले, आणि तेवढ्यावरून तीन माणसांनी तीन वेगळे निष्कर्ष काढले : मालकाच्या दृष्टीने तो हक्क होता, मोटारसायकलस्वाराच्या दृष्टीने धोका, आणि पोलिसाच्या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी शंका. अमेरिकेत शस्त्र उघडपणे बाळगण्याला ‘ओपन कॅरी’ म्हणतात. त्यावरचे बहुतेक कायदेशीर तंटे बारकाईने पाहिले, तर त्यांच्या मुळाशी हाच प्रश्न सापडतो की दिसणाऱ्या शस्त्राचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा, आणि तो अर्थ चुकला तर त्याची किंमत कोणी मोजायची. अमेरिकेबाहेरच्या वाचकाला हा सगळा विषय ‘बंदूकवेड’ या एका शब्दात उरकता येईल असे वाटते, पण तसे केल्याने या वादातले खरे गुंतागुंतीचे काही हाती लागत नाही.

बाळगणे, झाकून बाळगणे, दाखवून बाळगणे

प्रथम काही गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करणे आवश्यक आहे. घरात बंदूक ठेवण्याचा हक्क ही एक बाब झाली. ती बंदूक घेऊन घराबाहेर पडण्याचा हक्क ही दुसरी. घराबाहेर पडताना ती कपड्यांखाली झाकलेली असावी की उघडी दिसावी, ही तिसरी. झाकून बाळगण्याला ‘कन्सील्ड कॅरी’ म्हणतात. अमेरिकेत या बाबींसाठी देशभर लागू होईल असा एकच कायदा नाही. काही मर्यादा संघीय कायद्याने घातल्या आहेत. उदाहरणार्थ, गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीला बंदूक बाळगता येत नाही, आणि शाळांच्या परिसरात बंदूक नेण्यावर निर्बंध आहेत. बाकीचे जवळजवळ सर्व राज्यांवर सोपवलेले आहे. त्यामुळे एका राज्यात जे सर्वस्वी कायदेशीर आहे, ते राज्याची सीमा ओलांडताच अटकेचे कारण ठरू शकते.

बहुसंख्य राज्यांत पिस्तूल उघडपणे बाळगता येते, कुठे परवान्याने तर कुठे परवान्याविना. इलिनॉय आणि न्यूयॉर्क ही राज्ये ते चालू देत नाहीत, मात्र परवाना घेऊन झाकून बाळगू देतात. कॅलिफोर्नियाने तर गोळ्या न भरलेले पिस्तूलही उघडपणे बाळगण्यास २०१२ पासून बंदी केली. दुसऱ्या टोकाला, झाकून बाळगण्यासाठीसुद्धा परवाना मागितला जात नाही अशा राज्यांची संख्या २०२४ पर्यंत २९ झाली होती. व्हर्मॉन्ट राज्याने तर असा परवाना कधी सुरूच केला नाही.

टेक्सासची कथा या सर्वांहून निराळी आहे. या राज्याने १८७१ मध्येच पिस्तूल बाळगण्यावर कडक निर्बंध घातले होते, परंतु रायफलसारख्या लांब नळीच्या बंदुकांना ते लागू नव्हते. परिणामी अलीकडच्या काळापर्यंत खांद्यावर रायफल टाकून टेक्सासच्या रस्त्यावरून चालता येत होते, पण कमरेला पिस्तूल दिसले तर ती व्यक्ती गुन्हेगार ठरत होती. ही विसंगती दाखवण्यासाठी २०१३-१४ च्या सुमारास काही कार्यकर्ते मुद्दाम रायफली घेऊन उपाहारगृहांत जाऊ लागले. बंदूकधारकांची सर्वांत मोठी संघटना असलेल्या नॅशनल रायफल असोसिएशनने त्यांच्यावर जाहीर टीका केली आणि कार्यकर्ते संतापल्यावर ती मागेही घेतली. अखेर १ जानेवारी २०१६ पासून परवानाधारकांना पिस्तूल उघडपणे बाळगण्याची मुभा मिळाली आणि १ सप्टेंबर २०२१ पासून बहुतेक प्रौढांसाठी परवान्याची अटही गेली. अट एवढीच उरली, की दिसणारे पिस्तूल होल्स्टरमध्ये असले पाहिजे.

संविधानातले एक वाक्य

या हक्काचा आधार म्हणजे १७९१ मध्ये संमत झालेली अमेरिकी संविधानाची दुसरी दुरुस्ती. स्वतंत्र राज्याच्या सुरक्षेसाठी सुव्यवस्थित नागरी सेना आवश्यक असल्याने शस्त्रे ठेवण्याच्या व बाळगण्याच्या लोकांच्या हक्कावर आक्रमण होता कामा नये, असा तिचा आशय आहे. या एकाच वाक्याचा पहिला भाग सेनेविषयी बोलतो आणि दुसरा लोकांच्या हक्काविषयी. तो हक्क प्रत्येक व्यक्तीचा आहे की नागरी सेनेपुरताच आहे, हा वाद दोन शतकांहून अधिक काळ चालला.

२००८ मध्ये ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा बहुमताने तो निकालात काढला. राजधानी वॉशिंग्टनमध्ये १९७६ पासून पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी होती, ती रद्द करताना न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी हा व्यक्तिगत हक्क असल्याचे स्पष्ट केले. मात्र हा हक्क अमर्याद नाही, हेही त्याच निकालात नमूद आहे. गुन्हेगारांवरील बंदी, तसेच शाळा आणि सरकारी इमारती अशा संवेदनशील जागांवरील निर्बंध यांना धक्का लावण्याचा आपला हेतू नाही, असे न्यायालयाने म्हटले. २०१० मध्ये ‘मॅक्डोनाल्ड विरुद्ध शिकागो’ या खटल्यात हाच हक्क राज्यांवर आणि शहरांवरही बंधनकारक ठरला.

हे दोन्ही निकाल घरातल्या पिस्तुलाविषयी होते. उंबरठ्याबाहेरचा प्रश्न २०२२ मध्ये ‘ब्रुएन’ खटल्यात आला. न्यूयॉर्कमध्ये १९११ पासूनच्या कायद्यानुसार पिस्तूल बाळगण्याचा परवाना हवा असेल, तर इतरांपेक्षा वेगळी, विशेष गरज सिद्ध करावी लागे, आणि ती पटली की नाही हे अधिकारी ठरवत. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिलेल्या या निकालाने एक नवी कसोटी दिली. एखादा बंदूकविषयक निर्बंध टिकवायचा असेल, तर तो देशाच्या शस्त्रनियमनाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतो, हे सरकारने दाखवले पाहिजे.

माझ्या मते या कसोटीने न्यायाधीशांवर मोठे आणि अवघड ओझे टाकले आहे. आजचा निर्बंध लोकांच्या सुरक्षेसाठी किती उपयोगी आहे, हे तोलण्याऐवजी त्यांना अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील जुने कायदे चाळावे लागतात, आणि त्या कायद्यांतून दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीचे दाखले मिळतात. या कसोटीचा पहिला मोठा कस २०२४ च्या ‘रहिमी’ खटल्यात लागला. कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात न्यायालयीन मनाई हुकूम लागू असलेल्या व्यक्तीला बंदूक बाळगण्यास असलेली बंदी आठ विरुद्ध एक मतांनी टिकली, आणि जुन्या कायद्याशी तंतोतंत जुळणी आवश्यक नसून त्यामागचे तत्त्व जुळले तरी पुरेसे आहे, असा खुलासा न्यायालयाने केला.

जुन्या काळी झाकणे हेच वाईट मानले जाई

इतिहासाकडे वळायचे म्हटले, की एक अनपेक्षित गोष्ट समोर येते. आज अनेकांना झाकलेले पिस्तूल सभ्य आणि उघडे पिस्तूल उद्दाम वाटते. एकोणिसाव्या शतकातील दृष्टी याच्या अगदी उलट होती. प्रामाणिक माणूस शस्त्र उघडपणे बाळगतो आणि दगा द्यायचा असतो तोच ते लपवतो, अशी तेव्हाची धारणा होती. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ मध्येच शस्त्र लपवून बाळगण्यास मनाई केली. जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८४६ मध्ये लपवून बाळगण्यावरची बंदी वैध ठरवली, पण उघडपणे बाळगण्यावरची बंदी घटनाबाह्य ठरवली. लुइझियानाच्या न्यायालयाने १८५० मध्ये याच धर्तीचा निकाल दिला.

नॉर्थ कॅरोलायनातील १८४३ च्या एका निकालात तर आजच्या वादाचे सूत्रच सापडते. नुसती बंदूक बाळगणे हा गुन्हा नाही, परंतु लोकांना भयभीत करण्याच्या हेतूने शस्त्र घेऊन हिंडणे हा गुन्हा आहे, असे तेथील न्यायालयाने म्हटले होते. म्हणजे वस्तू एकच, आणि ती निर्दोष की सदोष हे हेतूवरून ठरायचे. टेक्सासच्या आजच्या दंडसंहितेतही सार्वजनिक ठिकाणी लोक घाबरावेत अशा रीतीने हेतुपुरस्सर बंदूक दाखवणे हा गुन्हा आहे. हेतू डोळ्यांना दिसत नसल्यामुळे तो हालचालींवरून, बोलण्यावरून आणि प्रसंगावरून ताडावा लागतो.

‘पश्चिमेकडे सगळेच पिस्तूल लावून हिंडत’ हे सिनेमातले चित्रही पुरतेपणी खरे नाही. अ‍ॅरिझोनातील टूम्बस्टोन गावात १८८१ मध्ये गावहद्दीत शस्त्र बाळगण्यास मनाई करणारा नियम लागू होता, आणि त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला घडलेली ओके कोरलची प्रसिद्ध चकमक याच नियमाच्या अंमलबजावणीवरून पेटली.

या इतिहासाची आणखी एक, अधिक कडू बाजू आहे, आणि ती वगळून हा विषय समजूच शकत नाही. हक्क कागदावर सर्वांचा असला, तरी तो कोणाच्या कमरेला दिसतो यावर समाजाची प्रतिक्रिया ठरत आली आहे. १८५७ च्या कुप्रसिद्ध ‘ड्रेड स्कॉट’ निकालात सरन्यायाधीश रॉजर टॅनी यांनी कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारताना जी कारणे दिली, त्यांत एक असे होते, की त्यांना नागरिक मानले तर जिथे जातील तिथे शस्त्र बाळगण्याचा हक्कही त्यांना द्यावा लागेल. यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये मिसिसिपीने मुक्त झालेल्या गुलामांना परवान्याविना शस्त्र ठेवण्यास मनाई केली. पुढे शंभर वर्षांनी, १९६० च्या दशकात, कॅलिफोर्नियातील ऑकलंडमध्ये ‘ब्लॅक पँथर’ या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे तरुण पोलिसांच्या वर्तनावर नजर ठेवण्यासाठी भरलेल्या बंदुका उघडपणे घेऊन गस्त घालू लागले. ते त्या वेळी कायदेशीर होते. त्यांना रोखण्यासाठी विधेयक आले, तेव्हा २ मे १९६७ रोजी ते सशस्त्र अवस्थेत सॅक्रामेंटोतील विधानभवनात गेले. त्याच वर्षी ‘मलफर्ड कायदा’ संमत होऊन भरलेली बंदूक सार्वजनिक ठिकाणी बाळगण्यास बंदी झाली. त्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. नॅशनल रायफल असोसिएशननेही त्या कायद्याला पाठिंबा दिला होता.

पोलिसाच्या डोळ्यांसमोरचा क्षण

अमेरिकी संविधानाची चौथी दुरुस्ती अवाजवी झडती आणि अटकावापासून संरक्षण देते. १९६८ च्या ‘टेरी विरुद्ध ओहायो’ निकालानुसार, गुन्हा घडत आहे किंवा घडणार आहे असा वाजवी संशय असेल तर पोलीस एखाद्याला थोडा वेळ थांबवू शकतात, आणि ती व्यक्ती सशस्त्र व धोकादायक वाटली तर वरवर चाचपून पाहू शकतात. हा निकाल आला तेव्हा अनेक ठिकाणी शस्त्र दिसणे आणि संशय येणे यांत फारसे अंतर नव्हते. जिथे उघडपणे शस्त्र बाळगणे कायदेशीर झाले, तिथे हे समीकरण मोडले. २०१३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातून आलेल्या एका खटल्यात संघीय अपील न्यायालयाने म्हटले, की राज्याने जे करण्याची मुभा दिली आहे, तेच केल्यामुळे कोणी संशयित ठरत नाही. मात्र त्याच न्यायालयाने २०१७ मध्ये अशीही भूमिका घेतली, की अन्य वैध कारणाने, समजा सीटबेल्ट न लावल्यामुळे, गाडी थांबवलेली असेल आणि प्रवाशाकडे शस्त्र असल्याचे कळले, तर ते बाळगणे कायदेशीर असले तरी पोलीस त्याची झडती घेऊ शकतात. म्हणजे शस्त्रधारकाला थांबवण्यासाठी केवळ शस्त्र पुरत नाही, पण एकदा थांबवले की त्याच्याकडे सशस्त्र माणूस म्हणूनच पाहिले जाते.

कायद्याच्या पुस्तकात ही सीमारेषा आखता येते. रस्त्यावर ती एक-दोन सेकंदांत शोधावी लागते. ऑगस्ट २०१४ मध्ये ओहायोतीलच बीव्हरक्रीक येथे वॉलमार्टच्या दुकानात एक २२ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण फोनवर बोलत फिरत होता. त्याच्या हातात दुकानातल्याच फळीवरून उचललेली छर्ऱ्यांची हवाई बंदूक होती. कोणीतरी ९११ वर फोन केला. पोलीस आले आणि काही क्षणांत त्यांनी त्याला गोळ्या घातल्या. ज्या राज्यात खरी, भरलेली बंदूक उघडपणे बाळगणे कायदेशीर होते, त्या राज्यात विक्रीसाठी ठेवलेली हवाई बंदूक हातात असल्यामुळे एका तरुणाचा जीव गेला, आणि ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, कोणावरही आरोप ठेवला नाही. टोलेडोतील गृहस्थांना अर्धा तास बेड्यांत बसावे लागले आणि नंतर न्यायालयाचा दरवाजा त्यांच्यासाठी उघडला, ही गोष्ट या घटनेशेजारी ठेवून पाहिली पाहिजे. दोन वर्षांनी, जुलै २०१६ मध्ये, मिनेसोटात वाहतूक तपासणीसाठी थांबवलेल्या एका परवानाधारक कृष्णवर्णीय माणसाने आपल्याजवळ बंदूक असल्याचे पोलिसाला स्वतःहून सांगितले आणि पुढच्या काही सेकंदांत पोलिसाच्या गोळ्यांनी तो मारला गेला. त्याची बंदूक उघडी दिसत नव्हती, तरी प्रश्न तोच होता. कायद्याने दिलेला हक्क पाहणाऱ्याच्या भीतीपुढे किती काळ टिकतो? त्या पोलिसाची पुढे निर्दोष मुक्तता झाली.

दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने ऐकली पाहिजे. त्याच महिन्यात, ७ जुलै २०१६ रोजी, डॅलसमध्ये एका मोर्चाच्या वेळी एका बंदूकधाऱ्याने पाच पोलिसांना ठार केले. त्या मोर्चात अनेक जण टेक्सासच्या कायद्याप्रमाणे खांद्यावर रायफली घेऊन चालत होते. गोळीबार सुरू होताच लोक सैरावैरा पळू लागले, आणि पळणाऱ्या सशस्त्र माणसांपैकी हल्लेखोर कोण, हे ओळखणे पोलिसांना अशक्य झाले. मोर्चातल्या एका रायफलधारकाचे छायाचित्र पोलिसांनी संशयित म्हणून प्रसिद्ध केले. तो सर्वस्वी निरपराध होता आणि स्वतःहून पोलिसांना सामोरा गेला. चांगला बंदूकधारी वाईट बंदूकधाऱ्याला रोखतो, असे नेहमी म्हटले जाते. पण त्या रात्री गर्दीत दोघांमधला फरक करता येईल असे काहीच दिसत नव्हते.

बंदूकधारकांमध्येही याविषयी एकमत नाही, ही बाब बाहेरच्यांच्या लक्षात सहसा येत नाही. दिसणारे शस्त्र गुन्हेगाराला दूर ठेवते, आणि हक्क वापरला नाही तर तो गंजतो, असे उघडपणे बाळगणारे म्हणतात. झाकून बाळगण्याचा आग्रह धरणारे अनुभवी लोक उत्तर देतात, की ज्याचे पिस्तूल दिसते त्यालाच हल्लेखोर आधी लक्ष्य करतो, आणि गर्दीत मागून ते खेचून घेणेही सोपे असते. यासाठीच, विशिष्ट पद्धतीने खटका दाबल्याशिवाय पिस्तूल बाहेर येणार नाही असे ‘रिटेन्शन होल्स्टर’ मिळतात. जबाबदार प्रशिक्षक उघडपणे पिस्तूल बाळगणाऱ्याला असे होल्स्टर वापरण्याचा सल्ला देतात.

दुकानाच्या दारावरची पाटी

दुसरी दुरुस्ती सरकारला बांधते, दुकानदाराला किंवा घरमालकाला नाही. त्यामुळे खासगी जागेचा मालक आपल्या आवारात बंदुका आणू नका असे सांगू शकतो, आणि सांगूनही न ऐकणाऱ्यावर अनेक राज्यांत अतिक्रमणाची कारवाई होते. टेक्सासमध्ये तर या सांगण्याचा नमुनाच कायद्याने ठरवून दिला आहे. झाकलेल्या पिस्तुलासाठी दंडसंहितेच्या कलम ३०.०६ ची पाटी, उघड्या पिस्तुलासाठी ३०.०७ ची, आणि परवान्याविना बाळगणाऱ्यांसाठी ३०.०५ ची. परवानाधारकांसाठीच्या पाट्यांवरचा मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत, विरोधी रंगात, किमान एक इंच उंचीच्या ठळक अक्षरांत असावा लागतो. डॅलस, ऑस्टिन किंवा ह्यूस्टनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी या पाट्या रुग्णालयांच्या आणि दुकानांच्या काचेवर पाहिलेल्या असतात. मजकूर लांबलचक असल्याने तो फारसे कोणी वाचत नाही, पण पाटी नियमाबरहुकूम नसेल तर ती झुगारणाऱ्या परवानाधारकावरचा खटलाही डळमळीत होऊ शकतो.

मोठ्या कंपन्यांनी बहुधा मवाळ मार्ग घेतला. २०१३ मध्ये स्टारबक्सने बंदुका आणू नयेत अशी ग्राहकांना विनंती केली. २०१९ मध्ये एल पासो येथील आपल्या दुकानात झालेल्या हत्याकांडानंतर वॉलमार्टनेही, बंदूक उघडपणे घेऊन येऊ नये, असे आवाहन केले.

सभा, मतदान आणि शस्त्र

सर्वांत अवघड प्रश्न राजकीय सभांचा आहे, आणि इथे भारतीय वाचकाला एक ठळक फरक जाणवेल. भारतीय संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने एकत्र जमण्याचा हक्क देतानाच तो शांततेने आणि शस्त्राविना बजावायचा आहे, असे स्पष्ट केले आहे. अमेरिकी संविधानाच्या पहिल्या दुरुस्तीत शांततेने जमण्याचा हक्क आहे, परंतु शस्त्राविना ही अट नाही, आणि पुढचीच दुरुस्ती शस्त्राचा हक्क देते. ३० एप्रिल २०२० रोजी कोरोनाकाळातील निर्बंधांविरुद्ध मिशिगनच्या विधानभवनात शिरलेल्या निदर्शकांपैकी काही जण रायफली घेऊन सिनेटच्या सज्जात उभे राहिले, आणि खाली सभागृहात काही सदस्य बुलेटप्रूफ जाकिटे घालून बसले होते. कायद्याप्रमाणे त्या दिवशी तिथे बंदूक नेता येत होती. जानेवारी २०२१ मध्ये त्या इमारतीत शस्त्र उघडपणे नेण्यास बंदी झाली. २०२२ मध्ये अ‍ॅरिझोनात मतपेट्यांवर पाळत ठेवणाऱ्या एका गटाला, मतपेटीपासून २५० फुटांच्या आत शस्त्र उघडपणे बाळगू नये, असा आदेश संघीय न्यायाधीशांनी दिला.

मला व्यक्तिशः इथे हक्काची सीमा स्पष्ट दिसते. ज्या माणसाला मत द्यायचे किंवा कायदा करायचा आहे, त्याच्यासमोर रायफल घेऊन उभे राहणे हा संवाद नव्हे, आणि कोणी तोंडाने धमकी दिली नाही म्हणून तिथली भीती खोटी ठरत नाही. आपल्याकडे निवडणुकीच्या काळात परवानाधारकांना शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात. त्यामागे हेच शहाणपण आहे. अर्थात भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना ही सरकारने दिलेली सवलत असते आणि अमेरिकेत शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क मानला जातो, त्यामुळे तिथल्या सरकारला असा सरसकट आदेश काढता येत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

फ्लोरिडातला बदल

हा कायदा अजून स्थिर झालेला नाही, हे फ्लोरिडाच्या उदाहरणावरून कळते. तिथे १९८७ पासून झाकून बाळगण्याचे परवाने सहज मिळू लागले आणि उघडपणे बाळगणे मात्र गुन्हा ठरले. २०१२ मध्ये नुकताच परवाना मिळालेला एक माणूस फोर्ट पिअर्स शहरात रस्त्याने जात असताना पकडला गेला. त्याचे पिस्तूल होल्स्टरमध्ये होते, पण अंगातल्या शर्टाने ते झाकले गेले नव्हते. हक्क आणि गुन्हा यांच्यामध्ये शर्टाच्या काठाएवढे अंतर होते. २०१७ मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली, कारण झाकून बाळगण्याचा मार्ग नागरिकांना मोकळा होता. पुढे ब्रुएन निकाल आला. ४ जुलै २०२२ रोजी, स्वातंत्र्यदिनी, पेन्साकोला शहराच्या चौकात एक माणूस कमरेला पिस्तूल लावून आणि हातात संविधानाची प्रत घेऊन मुद्दाम उभा राहिला आणि अटक झाला. त्याच्याच खटल्यात १० सप्टेंबर २०२५ रोजी राज्याच्या अपील न्यायालयाने इतिहासाची नवी कसोटी लावून तीच बंदी घटनाबाह्य ठरवली, आणि राज्याच्या महाधिवक्त्यांनीही तो निकाल राज्यभर लागू असल्याचे जाहीर केले.

अमेरिकेतल्या मराठी माणसासाठी

शेवटी, तिथे राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी दोन गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते. पहिली अशी, की राज्याचा कायदा कितीही सैल असला तरी संघीय कायद्यानुसार एच-१बी, एल-१, एफ-१ यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा गोळ्या बाळगता येत नाहीत. शिकारीचा वैध परवाना असणे यांसारखे मोजके अपवाद आहेत, परंतु त्यांचा आधार घेण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा. टेक्सासमधल्या शेजाऱ्याला जे परवान्याविना चालते, तेच व्हिसाधारकासाठी गंभीर संघीय गुन्हा ठरू शकते आणि त्यात कैदेबरोबर देशातून हकालपट्टीचाही धोका असतो. ग्रीनकार्डधारकांना ही व्हिसाची बंदी लागू नाही, पण राज्याचे नियम त्यांनाही तपासावेच लागतात.

दुसरी गोष्ट पोलिसांना फोन करण्याविषयी. किराणा दुकानात किंवा बागेत कोणाच्या कमरेला पिस्तूल दिसले, तर आधी तो माणूस काय करतो आहे ते पाहावे. अस्वस्थ वाटले तर तिथून निघून जावे किंवा दुकानाच्या व्यवस्थापकाला सांगावे. ९११ वर फोन करणे भागच असेल, तर शस्त्र होल्स्टरमध्ये आहे की हातात, ते कोणावर रोखले आहे का, तो माणूस कोणाला धमकावतो आहे की सामान घेत उभा आहे, हे डोळ्यांनी पाहिले तेवढेच आणि तसेच सांगावे. येणाऱ्या पोलिसाला त्या माणसाविषयी फोनवर ऐकलेल्या शब्दांपलीकडे काहीच माहीत नसते.